दप्तरातली उजनी

2025 च्या ऑगस्टमध्ये माझी पुतणी पुण्याला इंजिनिअरिंगला निघाली, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरच्या आमच्या घरात आठ दिवस लॅपटॉप हा एकच विषय होता. तिचे वडील, म्हणजे माझा दादा, केळीवाला शेतकरी. शेवटी यादीत दोन लॅपटॉप उरले होते. ॲपलचा एम4 चिपवाला मॅकबुक एअर, किंमत 99,900 रुपये, आणि आसूसचा झेनबुक ए14, किंमत 99,990 रुपये. दोन्ही त्याच वर्षी मार्चमध्ये याच किमतींना भारतात बाजारात आले होते. फरक नव्वद रुपयांचा. केळीला किलोमागे 15 रुपये धरले तर सहा किलो केळी. अख्ख्या लॅपटॉपचे मात्र 6,660 किलो, म्हणजे 25 किलोचा घड धरला तर 266 घड. एवढे घड कापायचे म्हणजे दादाला विचारल्याशिवाय पुढं जाता येणार नव्हतं.

"ते गिगा आणि टेरा मला नको सांगू," तो म्हणाला, "आपल्या मापात सांग."

मी वही घेऊन बसलो. त्या रात्री वहीत जे आकडे उतरले, त्यांनी मलाच झोप लागू दिली नाही.

वजनापासून सुरुवात केली, कारण ते सोपं. ए14 चं वजन 980 ग्रॅम, एअरचं 1,240. फरक 260 ग्रॅम, म्हणजे आपली दोन केळी. 1981 साली ऑस्बोर्न-1 हा कॉम्प्युटर 'उचलून नेता येतो' म्हणून विकला गेला. त्याचं वजन 11 किलोच्या आसपास होतं, पडदा पाच इंचांचा आणि किंमत 1,795 डॉलर. 27 वर्षांनी, जानेवारी 2008 मध्ये, स्टीव्ह जॉब्जनं कागदी पाकिटातून पहिला मॅकबुक एअर बाहेर काढला. तो 1.36 किलोचा होता आणि किंमत 1,799 डॉलर. डॉलर तेवढेच राहिले आणि वजन आठ पटींनी उतरलं. त्यानंतरच्या सतरा वर्षांत मात्र किलोभरातून काही ग्रॅमच कमी होत आले आहेत. आता कंपन्यांची झुंज उरली आहे ती दोन केळ्यांवर.

मग पडदा. जाहिरातीत एअरच्या पडद्याचं माप 2560 बाय 1664 असं लिहिलेलं असतं. गुणाकार केला तर 42,59,840 ठिपके येतात. हा आकडा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, म्हणून जनगणनेची आकडेवारी काढली. 2011 साली सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या होती 43,17,756. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतचं प्रत्येक माणूस, पाळण्यातलं बाळ धरून, त्या साडेतेरा इंची पडद्यावर एकेक ठिपका होऊन उभं राहिलं, तर जवळजवळ सगळा जिल्हा मावतो. फक्त 57,916 माणसं बाहेर राहतात.

ए14 चा पडदा 1920 बाय 1200 चा, ठिपके 23,04,000. म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त जिल्हा. आसूसचाच मोठा भाऊ झेनबुक एस14, जो भारतात 1,42,990 रुपयांना आला, त्याच्यावर 51,84,000 ठिपके आहेत. तिथं अख्खा जिल्हा उभा करून वर साडेआठ लाख पाहुण्यांना जागा उरते. आणि अजूनही स्वस्तातल्या जुन्या लॅपटॉपवर 1366 बाय 768 चा जो पडदा दिसतो, त्यात साडेदहा लाख ठिपके, म्हणजे सोलापूर शहराची 2011 ची साडेनऊ लाख वस्ती आणि वर थोडी.

पण ठिपके मोजून पडद्याची गोष्ट संपत नाही. एअरच्या पडद्यामागं सतत एक दिवा जळत असतो आणि पुढचे ठिपके त्याचा उजेड अडवतात किंवा सोडतात. काळा रंग दाखवायचा असला तरी मागचा दिवा चालूच असतो, म्हणून तो काळा थोडा राखाडी दिसतो. ए14 आणि एस14 चा पडदा ओएलईडी. तिथं प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो. काळं दाखवायचं तर तो ठिपका विझतो, आणि मग ती काळी जागा खरोखर अंधाराची असते. जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाच्या हातात स्वतःचा कंदील दिला आणि कुणी पेटवायचा, कुणी विझवायचा हे एकाच हुकमानं ठरवलं, असं ते आहे. एअरवर हा हुकूम सेकंदाला 60 वेळा सुटतो, एस14 वर 120 वेळा. म्हणजे एस14 वर प्रत्येक सेकंदाला 62 कोटी वेळा कुठला ना कुठला कंदील तपासला जातो. वहीत हे लिहून झाल्यावर मी भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एकदा पुढं सरकताना पाहिला.

दादाला पडद्यात फारसा रस नव्हता. त्यानं विचारलं, "साठा किती?" धरणाच्या काठावरच्या माणसाचा हा पहिला प्रश्न असणारच.

साठ्यात मोजायचा तो बिट: एक किंवा शून्य, हो किंवा नाही. एअरच्या त्या किमतीत 256 जीबी मिळत होते. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून 2,04,800 कोटी बिट. मी दर बिटाला एक लिटर पाणी धरलं आणि आमचं उजनी धरण भरायला घेतलं. उजनीचा एकूण साठा 117 टीएमसी, म्हणजे 3,320 दशलक्ष घनमीटर, म्हणजे 3,32,000 कोटी लिटर. त्यातला 63.66 टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याला सोडता न येणारं तळाचं पाणी. हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही तोंडपाठ असतं, कारण पाणी त्याच्या खाली गेलं की पेपरात धरण 'उणे' लिहून येतं. 2024 च्या उन्हाळ्यात ते उणे 60 टक्क्यांच्या घरात गेलं होतं आणि केळीच्या बागा कशा जगवल्या ते आमचं आम्हाला माहीत.

तर 256 जीबीचे बिट लिटर-लिटर करून उजनीत ओतले तर काय होतं? मृतसाठा भरायला 1,80,280 कोटी लिटर लागतात. वर उरतात साडेचोवीस हजार कोटी लिटर. धरण येतं उपयुक्त साठ्याच्या अधिक 16 टक्क्यांवर. पेपरात छापून येईल, 'उजनी प्लसमध्ये', आणि कालव्याला पाणी सोडायचं की नाही यावर वाद सुरू होईल.

ए14 त्याच पैशात 512 जीबी देत होता. ते ओतले तर उजनी काठोकाठ भरते आणि तरीही 77,600 कोटी लिटर उरतं. 27 टीएमसी पाणी दरवाजे उघडून भीमेत सोडावं लागेल, आणि पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटातल्यांना सावध करावं लागेल. एस14 मध्ये एक टेराबाइट असतो. त्यात सव्वादोन उजन्या सहज मावतात.

लॅपटॉपलाही मृतसाठा असतो, आणि विकत घेणारा इथंच फसतो. मशीन चालवणारी प्रणाली, तिचे अपडेट, बिघडल्यावर परत उभं राहायला राखून ठेवलेली जागा, हे सगळं तळाशी बसतं आणि ते कधी वापरता येत नाही. शिवाय विंडोजमध्ये 512 ऐवजी 476 दिसतात. ती चोरी नाही. कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज 1024 नं. पण चार वर्षांचे प्रोजेक्ट, फोटो आणि रेकॉर्ड केलेली लेक्चरं भरली की 256 वाला पहिल्या दोन वर्षांतच उण्यात जाणार, हे दादाला माझ्या आधी कळलं. एअरमध्ये नंतर साठा वाढवता येत नाही, तो आतच जोडलेला असतो. धरणाची भिंत मागाहून सहज उंच करता येत नाही, तसंच.

आता सगळ्यात मोठा आकडा. एम4 चिपमध्ये 2,800 कोटी ट्रान्झिस्टर आहेत. ट्रान्झिस्टर म्हणजे वीज जाऊ देणारं किंवा अडवणारं बटण. 1971 साली इंटेलनं 4004 ही पहिली बाजारी मायक्रोप्रोसेसर चिप काढली, तिच्यात 2,300 होते. आपल्याकडं ज्वारी आहे, मोहोळच्या संशोधन केंद्रातून पसरलेली मालदांडी. हजार दाणे साधारण 30 ग्रॅम भरतात. एका ट्रान्झिस्टरला एक दाणा धरला तर 4004 मध्ये 69 ग्रॅम ज्वारी, एका धड भाकरीलाही पुरायची नाही. एम4 मध्ये 840 टन. शंभर किलोची 8,400 पोती. जेऊर स्टेशनवरून जाणाऱ्या मालगाडीच्या एका डब्यात 60 टन भरतात, म्हणजे 14 डबे, गाडीचा तिसरा हिस्सा. हे सगळं नखाएवढ्या चकतीवर.

माझ्या पिढीला याच्याशी जोडायला आणखी एक आठवण आहे. 1988 साली पुण्यात सीडॅक सुरू झालं आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 उभा राहिला. अमेरिकेनं सुपरकॉम्प्युटर द्यायला आढेवेढे घेतले होते, म्हणून आपण आपला केला. अनेक प्रोसेसर एकत्र बांधून त्यानं सेकंदाला शंभर कोटी गणितांचा वेग गाठला. 2020 च्या एम1 एअरमधल्या फक्त चित्रं काढणाऱ्या भागाचा वेग कंपनीनं 2.6 लाख कोटी सांगितला. म्हणजे 2,600 परम. ही तुलना तंतोतंत नाही, कारण चित्रांची गणितं कमी अचूकतेनं चालतात, आणि सगळा वेग एकाच कामाला लावता येत नाही. तरी हजारातला हिशोब हजारातच राहतो. आणि परमची किंमत यानं कमी होत नाही. त्या प्रोसेसरना एकमेकांशी बोलायला ज्यांनी शिकवलं, त्यांच्यामुळंच पुण्यात पुढं कॉम्प्युटर शिकणाऱ्यांची रांग लागली. माझी पुतणी त्याच रांगेत निघाली होती.

आता कंपन्या टॉप्स नावाचा आकडा मिरवतात. एआयच्या छोट्या छोट्या गणितांसाठी चिपमध्ये वेगळा कप्पा असतो, त्याचा वेग. एअरचा 38, ए14 चा 45, एस14 चा 47. एक टॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया. मी पुन्हा जिल्ह्याकडं गेलो. 43 लाख माणसांनी दर सेकंदाला प्रत्येकी एक गणित करायचं ठरवलं, न झोपता, न जेवता, तर ए14 च्या एका सेकंदाचं काम संपवायला 120 दिवस लागतील. आषाढी एकादशीला पंढरपुरात सगळ्यांना बसवलं तर कार्तिकी उलटल्यावर उठतील. चातुर्मासाचं काम, एका सेकंदाचं. एअरला 102 दिवस, एस14 ला 126. एवढा अचाट आकडा, पण घेताना त्याचा उपयोग शून्य. 102 आणि 120 मधला फरक निबंध लिहिणाऱ्या, प्रोग्रॅम चालवणाऱ्या मुलीला कधी जाणवणार नाही.

जाणवेल ती बॅटरी. एअरची 53.8 वॉट-तासांची, ए14 ची 70 ची. दादाची पाच एचपीची मोटर 3,730 वॉट खाते. एअरच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर ती मोटर 52 सेकंद चालेल, ए14 च्या बॅटरीवर 68. एवढ्यात उजनीच्या बॅकवॉटरमधून निघालेलं पाणी पाइपलाइनचा चढही चढत नाही. पण तेवढ्याच विजेवर एअर 18 तास चित्रपट दाखवतो असं कंपनी सांगते, म्हणजे तीन वॉट, नऊ वॉटच्या एलईडी बल्बच्या तिसऱ्या हिश्शात. ए14 चा दावा 32 तासांचा, सव्वादोन वॉट. हे दावे पडदा मंद ठेवून एकच चित्रपट लावून मोजलेले असतात. रोजच्या कामात निम्मे धरावेत, तरी पुरे आहेत.

मग उलटा हिशोब केला. ॲपल म्हणतं, बॅटरी हजार वेळा भरली-रिकामी झाली तरी 80 टक्के दम राखेल. हजार वेळा 53.8 म्हणजे 53.8 युनिट. दादाची मोटर तेवढं साडेचौदा तासांत खाते. लाईट रात्रीची असते तेव्हा शेतकरी आठ-आठ तास पाणी धरतो. त्याच्या दोन रात्रीही पुऱ्या होण्याआधी एका लॅपटॉपची तीन-चार वर्षांची सगळी वीज वापरून संपते. दादा हे ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या दोन पाळ्यांत तिचं शिक्षण." मला त्यावर काही बोलता आलं नाही.

जाहिरातीच्या मोठ्या अक्षरांत नसलेल्या दोन गोष्टी मी तांबड्या पेनानं लिहिल्या. ॲपलच्या कागदावर एअर वापरायचं तापमान 10 ते 35 अंश लिहिलेलं आहे. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. एअरमध्ये पंखा नाही, म्हणून तो एकदम शांत असतो, पण तापला की स्वतःच वेग कमी करतो. ए14 ला पंखे आहेत. सुट्टीत ती पत्र्याखाली बसून काम करणार असेल तर हे मोठं. दुसरं, एअरला साधा पेन ड्राइव्ह सरळ लागत नाही, जोडणी वेगळी घ्यावी लागते. ए14 ला ते भोक आहे, एचडीएमआयचंही आहे. आणि न्याय म्हणून तिसरंही लिहिलं: ए14 ची चिप वेगळ्या जातीची, त्यामुळं विंडोजचे जुने प्रोग्रॅम त्यावर भाषांतर होऊन चालतात, काही चालतच नाहीत. पुतणीनं कॉलेजच्या सीनिअरना विचारलं, त्यांची प्रोग्रॅमची यादी मागवली आणि एकेक तपासून घेतला. कॉम्प्युटर शाखेचे सगळे चालत होते. मेकॅनिकलला गेली असती तर मी दोन्ही नको म्हणालो असतो.

ए14 घेतला. साठ्यानं निकाल लावला, पंख्यानं शिक्का मारला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी दादानं तो शेडमधल्या केळीच्या काट्यावर ठेवला. खाली आधी स्वच्छ टॉवेल अंथरला आणि काटा शून्यावर आणून घेतला. आकडा आला 0.98. तो समाधानानं मान हलवणार एवढ्यात पुतणीनं चार्जर आणि वायर वर ठेवली. काटा सव्वा किलोकडं सरकला.

"हे जाहिरातीत नव्हतं," दादा म्हणाला.

"बाबा, चार्जर कोणीच धरत नाही," ती म्हणाली, आणि दोन्ही उचलून दप्तरात ठेवून दप्तर पाठीवर अडकवून बघितलं. मग केळीच्या घडातली दोन तोडून वर टाकली.