कष्ट, चाल आणि वस्ती

"खेड्यातल्या माणसाला व्यायाम कशाला हवा? तो दिवसभर राबतोच की!" हे वाक्य तुम्ही कितीदा तरी ऐकले असेल. शहरातला मनुष्य बसून खातो आणि गावातला घाम गाळून खातो, अशी आपली एक पक्की समजूत आहे. ती अगदीच खोटी नाही. परंतु तिच्यावर विसंबून राहणे आता धोक्याचे झाले आहे.

भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून उत्तनचा रस्ता धरला, म्हणजे त्या बाजूला मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, तारोडी अशी गावे आहेत. जुन्या धारावी बेटाचा हा भाग. (मुंबईतली धारावी ती वेगळी, बरं का.) भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर हा सारा टापू जगत आला. १९८५ साली मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली आणि २००२ साली महानगरपालिका. तेव्हा तारोडीचा रहिवासी शहरी म्हणायचा की ग्रामीण? सरकारी कागदावर तो शहरी आहे. पण पत्ता सांगताना तो गावाचेच नाव सांगणार!

अशा गावातले एखादे घर डोळ्यांसमोर आणा. आजीने उमेदीच्या काळात भाजीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार केला. वडील नोकरीला जातात. ते बसने भाईंदरला येतात, पूल चढतात, लोकलमध्ये उभे राहतात आणि उतरल्यावर कचेरीपर्यंत चालत जातात. नातू मात्र गावातच दुकान सांभाळतो आणि कोपऱ्यावर जायचे तरी मोटारसायकलला किक मारतो. आता सांगा, या घरात आज सर्वांत कमी कोण चालतो? गाव न सोडलेला नातूच! म्हणजे शरीराची हालचाल ही पत्त्यावर ठरत नाही. दिवसाची घडी कशी बसली आहे, पाणी कुठून येते, बाजार किती दूर आहे, वाहन दाराशी उभे आहे की नाही, यावर ती ठरते.

याला आकड्यांचाही आधार आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथील चौदा हजारांवर लोकांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. पुरेशी हालचाल नसलेले लोक शहरांत शंभरांत ६५ निघाले आणि खेड्यांत ५०. शहर मागे आहे, हे खरेच. पण खेड्यातलाही निम्मा समाज बसलेला निघाला, हे आपण वाचायचे विसरतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. खेळ, फिरणे, कसरत अशी आवडीने केलेली हालचाल शंभरांत दहा जणांचीही नव्हती. म्हणजे आपल्याकडे अंग हलते ते कामापुरते. मळणी यंत्राने होते, दळण गिरणीत जाते, शेताच्या बांधापर्यंत दुचाकी पोचते. काम गेले की हालचाल गेली, आणि तिच्या जागी दुसरे काही येत नाही. भाकरी मात्र तेवढीच राहते!

यात बिघडते काय? स्नायू काम करू लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात. ते दिवसचे दिवस स्वस्थ राहिले की साखर रक्तात रेंगाळते आणि मधुमेहाची वाट मोकळी होते. हृदयाचेही तसेच. १९५३ साली मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढणारा-उतरणारा. शहर एक, गाडी एक. तरी हृदयविकार कंडक्टरांत कमी आढळला.

मग जुने कष्टच परत आणावेत काय? मुळीच नाही. आमच्यासारखे खुर्चीत बसून पगार घेणारे प्राध्यापक खेड्यातल्या बाईच्या डोक्यावरच्या हंड्याचे कौतुक करतात, ते मला पटत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला. गरोदरपणात ज्यांच्यावर कामाचा भार अधिक होता, त्यांची बाळे सरासरीने वजनाने कमी भरली. कष्टाला माप नसते, विश्रांती नसते, आणि पोटात अन्न पुरेसे आहे की नाही हेही कोणी पाहत नाही. व्यायामात हे तिन्ही आपल्या हाती असते. नळ दारात आला तर तो हवाच. घर आवरताना वाचलेला वेळ त्या बाईच्या वाट्याला येतो की दुसऱ्या कामाला जुंपला जातो, एवढेच पाहायचे.

जागतिक आरोग्य संघटनेचे माप सोपे आहे. मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे झपझप चालण्याइतके श्रम करावेत. म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत. मुलांना रोज सरासरी एक तास हवा.

हा मुलांचा तास शिक्षकांच्या हाती आहे. गुरुजी, बाई, एक आठवडाभर मुलांना वहीत लिहू द्या: शाळेत चालत आलो की गाडीवर, किती वेळ खेळलो, किती वेळ फोन किंवा टीव्हीपुढे बसलो. वह्या पाहाल तेव्हा मुलांच्या आणि मुलींच्या निरनिराळ्या मांडा. सातवी-आठवीपासून मुलींच्या वहीतला खेळाचा रकाना बहुधा रिकामा दिसेल. कारण घरचे काम असते, आणि मैदान मुलांनी व्यापलेले असते. ज्या पालकांना "आमची मुलगी घरात भरपूर राबते" असे वाटते, त्यांना ती वही पालकसभेत दाखवा. शाळा सुटल्यावर मैदानाचे फाटक तासभर उघडे ठेवा, आणि पहिला अर्धा तास मुलींना द्या.