आबाजींचा ओटा, नातवाची शाळा

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे भाग वेगळे काढून मध्य प्रदेशात पांढुर्णा जिल्हा झाला. नकाशावर तो नवा असला तरी नागपूरकराला तो परका वाटत नाही. तीच संत्र्याची बाग, तीच कपाशी, तोच पोळा, ज्वारीच्या भाकरीबरोबर तेच झुणका-ठेच्याचे जेवण. घरात बोलली जाते ती वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी. काही घरांत पवारी, सातपुड्याकडच्या वस्त्यांत गोंडी. शाळेच्या फळ्यावर मात्र हिंदी असते. दुकानाच्या पाटीवर हिंदी, तहसिलीच्या अर्जावर हिंदी. त्यामुळे एकाच घरात सत्तरीची आजी मराठीत विचारते आणि आठ वर्षांचा नातू हिंदीत उत्तर देतो. दोघांना एकमेकांचे कळते. पण शाळेत शिकलेले तो तिला सांगू शकत नाही आणि तिला पाठ असलेले त्याच्यापर्यंत पोचत नाही.

म्हातारी माणसे आणि लहान मुले यांना एकत्र आणणाऱ्या जागा हा विषय एरवी समाजकल्याणाच्या खात्यात मोडतो. म्हाताऱ्यांचा एकटेपणा जावा, मुलांना माया मिळावी, असा त्याचा सूर असतो. पांढुर्णा-सौंसरात त्याचे महत्त्व याहून मोठे आहे, असे माझे ठाम मत आहे. इथे शाळा, कचेरी, वर्तमानपत्र यांपैकी कोणीही मराठी पुढच्या पिढीकडे पोचवण्याची मुख्य जबाबदारी घेतलेली नाही. ती आजवर पोचली ती आबाजी आणि पोट्टे जिथे एकत्र बसत त्या जागांमधून. त्या जागा मोडल्या तर भाषाही मोडेल.

हे असे का झाले, ते थोडक्यात सांगायला हवे. १९५० ते १९५६ या काळात नागपूर हीच मध्य प्रदेशची राजधानी होती आणि राज्यकारभारात हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. पांढुर्ण्याचा बाजार नागपूरकडेच तोंड करून राहिला, सौंसरचे सोयरेसंबंध काटोल-सावनेरशी तसेच टिकले, सरकार मात्र दुसऱ्या दिशेला गेले. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. मध्य प्रदेशात २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा सांगणारे दोन टक्क्यांहूनही कमी आहेत. एवढ्या थोड्यांसाठी राज्ययंत्रणा किती हलेल, याचा अंदाज कोणीही करू शकतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदाची गोष्ट आहे. पण सौंसरच्या तिसरीतल्या मुलीला मराठी बाराखडी कोण दाखवणार, हा प्रश्न त्याने सुटलेला नाही.

मग इतकी वर्षे हे काम केले कोणी?

विदर्भाच्या साऱ्या मराठी पट्ट्यात याचे एक उत्तर भुलाबाई हे आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर मातीच्या भुलाबाई-भुलोबाची जोडी मांडायची, संध्याकाळी मुलींनी घरोघर जाऊन फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी झाकून ठेवलेला खाऊ ओळखायचा. यातली गाणी कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. मुली गायच्या, पण चुकलेली ओळ दुरुस्त करायची ती पायरीवर बसलेली आजी. सासर-माहेर, दागिने, धान्य, भांडी, नात्यांची नावे यांचा अख्खा शब्दसंग्रह महिनाभरात मुलीच्या तोंडी बसे. खाऊ ओळखण्याच्या खेळात पदार्थांची नावे यायची, गोड-तिखटाचे शब्द यायचे. भाषा शिकवण्याची इतकी नेटकी रीत एखाद्या शिक्षणतज्ज्ञाने बसून आखली असती तर तिचे कौतुक झाले असते.

दुसरे उत्तर तान्हा पोळा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून आणतात. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ च्या सुमारास ही प्रथा सुरू केली, असे नागपुरात सांगितले जाते. बैल सजवताना वेसण, झूल, मटाटी, चवर हे शब्द मुलाच्या हाताखालून जातात, आणि ते सांगणारा बहुधा ज्याने खरे बैल हाकलेले असतात तो आजोबाच असतो. ट्रॅक्टर आल्यावर बापाच्या पिढीकडे ही माहिती फारशी उरलेली नाही.

पांढुर्ण्यात मात्र पोळ्याचा दुसरा दिवस गोटमारीचा. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि पांढुर्णा व सावरगाव अशा दोन्ही तीरांवरून एकमेकांवर दगड मारतात. डोकी फुटतात, माणसे मेलीही आहेत. प्रशासनाने बंदी घालून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. काही टिकले नाही. बाहेरच्या जगाला पांढुर्णा ठाऊक आहे तो यामुळेच. या नदीकाठी तिन्ही पिढ्या एकत्र असतात, ही गोष्ट मला फार खटकते. ज्या दिवशी शेजारच्या नागपुरात मुले लाकडी बैल ओढतात, त्या दिवशी इथल्या मुलांसमोर मोठ्यांनी गोफणीतून सुटलेला दगड ठेवावा, हे मला मान्य नाही. परंपरा म्हातारे सांगतात म्हणून चालते. तशी ती म्हाताऱ्यांनीच बदलायची ठरवली तर बदलूही शकते. त्यांच्या शब्दाला त्या दिवशी पोलिसांच्या आदेशापेक्षा जास्त वजन असते.

तिसरे उत्तर सर्वांत भक्कम आहे, कारण ते रोजचे आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) १९३५ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला आणि गावोगाव श्रीगुरुदेव सेवामंडळे उभी राहिली. त्यांचा गाभा सामुदायिक प्रार्थना. संध्याकाळी ठरल्या वेळी, ओळीत बसून, जात आणि वय न पाहता. महाराजांची खंजिरीवरची भजने मराठीत होती तशी हिंदीतही होती. म्हणून दोन भाषांच्या सीमेवरच्या गावांना ती आपली वाटली. प्रार्थनेच्या ओळीत सहा वर्षांचा मुलगा आणि साठ वर्षांचा शेतकरी शेजारी बसतो, दोघेही एकच ओळ म्हणतात, आणि कोणी कोणाला शिकवत नसताना मुलाची जीभ वळते. ‘ग्रामगीते’च्या ४१ अध्यायांत गावाच्या सफाईपासून शिक्षणापर्यंत सारे आहे. तरी मला वाटते, महाराजांनी गावाला दिलेली सर्वांत टिकाऊ वस्तू ही रोजची बैठकच आहे.

पारावरच्या गप्पांचे मी मुद्दामच नाव घेतलेले नाही. पाराबद्दल हळवे होऊन लिहिणे सोपे आहे. पण पारावर बायका बसत नव्हत्या आणि गावातल्या सगळ्या जातीही बसत नव्हत्या. नवी जागा उभारताना पार हा नमुना धरला तर निम्मे गाव बाहेर राहील.

आता आपण काय करतो आहोत? म्हाताऱ्यांसाठी वेगळी बाग, मुलांसाठी वेगळी. शहरांत ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रे निघाली, ती हवीतच. पण तिथे नातवंडांचा आवाज नसतो. शाळांतून आजी-आजोबा दिन साजरा होतो. फुले, नाच, फोटो, आणि पुन्हा वर्षभर फाटक बंद. वर्षातून एकदा भेटून ना माया जमते ना भाषा.

याच्या उलट घडलेली गोष्ट ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात आहे. फांगणे या गावात ८ मार्च २०१६ ला, महिला दिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या मदतीने उभी केली. साठ ते नव्वद वयाच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी दोन तास येऊ लागल्या. कामे उरकल्यानंतरची वेळ मुद्दाम निवडलेली. पोथी आपल्याला वाचता यावी ही त्यांची इच्छा होती. घरी अभ्यास घ्यायला नातवंडे बसली. ज्या मुलाला शाळेत कोणी हुशार म्हणत नसेल, त्याला घरात एक विद्यार्थिनी मिळाली. मला ही योजना आवडते ती याचसाठी: इथे दोघांकडे एकमेकांना हवे असलेले काहीतरी होते. पांढुर्णा-सौंसरात तर देवाणघेवाण आणखी सरळ होऊ शकेल. नातवाने देवनागरी अक्षरे आजीला शिकवावीत, कारण हिंदी शाळेने ती त्याला दिलीच आहेत. आजीने त्याच अक्षरांत मराठी भरावी.

भाषेसाठी म्हणून हेच काम जाणीवपूर्वक केले ते न्यूझीलंडच्या माओरींनी. शाळांत इंग्रजी, शहरांत इंग्रजी; माओरी अस्खलित बोलणारे उरले ते बहुतेक म्हातारे. १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाता इथे पहिले ‘कोहांगा रेओ’ सुरू झाले. ही बालवाडीच, पण तिथे मुलांना सांभाळायला भाषा जाणणारे आजी-आजोबा, आणि दिवसभर बोलायचे फक्त माओरीत. थोड्याच वर्षांत अशी शेकडो केंद्रे झाली आणि हवाईतल्या लोकांनी तो नमुना उचलला. माओरींची स्थिती आपल्याहून कितीतरी बिकट होती. आपल्यामागे बारा कोटींच्या महाराष्ट्राचे बळ आहे, आणि तो तासाभराच्या अंतरावर आहे.

टोकियोच्या एदोगावा भागात ‘कोतोएन’ संस्थेने १९७६ पासून वृद्धाश्रमाला बालवाडीची जोड दिली. तिथली मुले आणि वृद्ध सकाळचा व्यायाम एकत्र करतात. सिंगापूरमधल्या कांपुंग ॲडमिरल्टी या संकुलात ज्येष्ठांची घरे, दवाखाना, खाण्याचे ठेले आणि पाळणाघर एकाच इमारतीत रचले आहेत. तिथला खर्च आपल्याला झेपणार नाही. झेपण्यासारखी गोष्ट एकच: दार समोरासमोर ठेवणे.

आपल्याकडे ते दार तयार आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. जवळपास प्रत्येक मोठ्या गावात एक खोली, एक ताई, एक मदतनीस आणि तीन ते सहा वर्षांची पोरे. मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान भोपाळमध्ये हातगाडी ओढत अंगणवाड्यांसाठी खेळणी गोळा करत फिरले होते. खेळण्यांबरोबर गावातल्या दोन आज्या मागितल्या असत्या तर त्याही मिळाल्या असत्या. कपाशी वेचणीच्या आणि संत्रा तोडणीच्या दिवसांत आई-बाप दिवसभर शेतात असतात. घरी उरतात म्हातारी आणि लेकरे, तीही वेगवेगळ्या घरांत, मोबाइल आणि टीव्हीसमोर. त्यांना एका छपराखाली आणायला नवी योजना लागत नाही.

काही गोष्टी आधीच ठरवायला हव्यात. आजीला फुकटची आया करू नये. तिने तासभर गोष्ट सांगावी, शेण-पाणी आणि पोर सांभाळणे तिच्या गळ्यात पडू नये. जिला मुलांचा गोंगाट सोसत नाही तिला सक्ती नसावी. मुलांसोबत नेहमी किमान दोन मोठी माणसे असावीत, हा नियम नातेवाइकांनाही लागू. आणि पवारी किंवा गोंडी बोलणाऱ्या आजीने आपल्याच बोलीत बोलावे. तिला मराठी बोलायला लावणे म्हणजे जे आपल्यावर झाले तेच तिच्यावर करणे.

भोपाळला मध्य प्रदेश शासनाची मराठी साहित्य अकादमी आहे. तिने कार्यक्रमांबरोबर एक काम हाती घ्यावे: सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलांनी आपल्या आजी-आबाजींकडून भुलाबाईची गाणी, बैलांच्या साजाची नावे, नागपूर-छिंदवाडा रेल्वेच्या छोट्या लाईनच्या आठवणी मोबाइलवर उतरवून घ्याव्यात. ती छोटी लाईन सौंसरवरून जायची. २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी ती बंद झाली. तिच्या डब्यात बसलेली माणसे अजून आहेत.

नवा जिल्हा म्हणजे नव्या इमारती. कचेऱ्या, सभागृहे, शाळा यांचे आराखडे येत्या काही वर्षांत मंजूर होतील. त्यात अंगणवाडी आणि ज्येष्ठांची बसायची जागा एकाच अंगणात, एकाच फाटकाच्या आत मागून घ्यावी. आणि त्या अंगणाची किल्ली संध्याकाळी कोणाकडे राहील, हे ग्रामसभेत नावानिशी ठरावे. त्या अंगणात पहिली सोय नळाची आणि संडासाची हवी, तीही पायऱ्यांवाचून पोचता येईल अशी. ती नसेल तर गुडघे धरलेल्या आज्या पहिल्या आठवड्यानंतर येणार नाहीत.