जुन्या गाडीचा गिअर अडतो तेव्हा

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत वसले आहे. मलकापूरकडून राजूर घाट, खामगावकडून बोथा घाट. चढावर गिअर सारखा बदलावा लागतो आणि क्लचचा कस लागतो.

या चढांवरच्या जुन्या मोटारसायकलींपैकी कोणाला किती गिअर? राजदूत 175 : टू-स्ट्रोक, 3 गिअर. हिरो होंडा सीडी 100 (1985) : फोर-स्ट्रोक, 4 गिअर. येझदी 250 (म्हैसूर, 1973 पासून) : टू-स्ट्रोक, 4 गिअर. येझदीचे वैशिष्ट्य म्हणजे किक आणि गिअरचा दांडा एकच. शिवाय पायाने गिअर दाबताच क्लचही आपोआप सुटतो.

लक्षण आणि कारण
• न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर खाडकन पडतो : क्लच पूर्ण सुटत नाही. आधी केबल पाहावी. सीडी 100 ला लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिमी ढील लागते.
• इंजिन ओरडते, गाडी चढत नाही : क्लच प्लेटा झिजल्या किंवा केबल फार ताणलेली.
• गिअर आपोआप सुटतो : गिअरच्या खाचा किंवा गिअर सरकवणारे फोर्क झिजलेले. इंजिन उघडावेच लागते.

तेल : राजदूत-येझदीत पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल गिअरबॉक्सपर्यंत पोहोचत नाही, तिथले तेल वेगळे भरावे लागते. सीडी 100 मध्ये इंजिन, क्लच, गिअरबॉक्स एकाच तेलावर चालतात.