पोलिश लग्नाचा हॅशटॅग

पोलंड देशांतील लग्न सहसा एका बैठकींत आटोपत नाहीं. चर्चमध्यें किंवा सरकारी कचेरींत जो विधि होतो त्यास 'श्लूप' म्हणतात, आणि त्यानंतरची मेजवानी व नाचगाणें तें 'वेसेले'. मेजवानीच्या दाराशीं वधूवरांचे आईबाप पाव आणि मीठ घेऊन स्वागतास उभे असतात. मध्यरात्रीं 'ओचेपिनी' होऊन वधूच्या मस्तकावरील झिरझिरीत वस्त्र उतरविलें जातें, आणि पुष्कळ घरीं दुसऱ्या दिवशीं 'पोप्राविनी' म्हणून पुन्हा पंगत झडते. या साऱ्या वेळांत पाहुण्यांच्या हातांतील फोन छायाचित्रें टिपीत असतात. तीं वधूवरांस मिळावयाचीं कशीं? त्यांतून हे लोक जगभर पांगलेले. २००४ सालीं पोलंड युरोपीय संघांत गेल्यानंतर लाखों पोलिश माणसें ब्रिटन व आयर्लंडकडे गेलीं. शिकागोकडील वस्ती तर त्याहून कितीतरी जुनी. लग्नास येऊं न शकलेल्या आजीबाईस सर्व चित्रें एका जागीं दिसावीं, यासाठीं हॅशटॅग.

हॅशटॅग म्हणजे दोन उभ्या व दोन आडव्या रेघांची जाळी आणि तिला चिकटून लिहिलेला शब्द. २००७ च्या ऑगस्टमध्यें क्रिस मेसिना या अमेरिकन गृहस्थांनीं ही युक्ति ट्विटरवर सुचविली. छायाचित्राखालीं तो शब्द लिहिला कीं त्याच शब्दाचीं इतर चित्रें त्याच्या पंक्तीस येऊन बसतात. शब्दांच्या मध्यें मोकळी जागा किंवा विरामचिन्ह त्यास खपत नाहीं, आणि एक अक्षर चुकलें तर चित्र भलत्याच ढिगांत पडतें. तेव्हां शब्द असा हवा कीं एकदां कानावर पडतांच कोणासही बिनचूक लिहितां यावा.

पोलिश भाषेंत खरी मेख येथेंच आहे. तिच्या ३२ अक्षरांपैकीं ९ अक्षरांस शेपटी, टिंब, तिरकी रेघ असें कांहींतरी जोडलेलें असतें. परदेशांतील नातलगाच्या फोनवर तीं चटकन् सापडत नाहींत. तो साधें अक्षर दाबून मोकळा होतो. मग एकाच लग्नाचे दोन ढीग पडतात, आणि केव्हां केव्हां अर्थाचाही अनर्थ होतो. 'कोंत' म्हणजे कोपरा. 'स्वतःचा कोपरा' हा स्वतःच्या घरासाठीं रूढ वाक्प्रचार असल्यामुळें नवदांपत्यास तो मोह पाडील. पण त्यांतील स्वराची शेपटी गळाली कीं उरतो 'कात', म्हणजे फांशी देणारा! यास्तव खुणेचें अक्षर ज्यांत मुळींच नाहीं असेच शब्द निवडावे. 'श्लूप'च्या पहिल्याच अक्षरावर रेघ आहे, 'वेसेले' मात्र निष्कलंक आहे.

दुसरी अडचण व्याकरणाची. मास्तरकी केलेल्या मनुष्यास ती अधिक गोड वाटते. आपण जसें काळा, काळी, काळे म्हणतों, तसें तेथें आडनांव बदलतें. पुरुष कोवाल्स्की, स्त्री कोवाल्स्का, आणि दोघे मिळून कोवाल्स्त्सी. पाळण्यांतील नांवेंही विभक्तीनें पालटतात. काशा व तोमेक यांचें लग्न म्हणावयाचें तर 'काशा'ची 'काशी' होते नि 'तोमेक'चा 'तोमका'. परदेशीं वाढलेला भाचा हें कसें जाणणार? म्हणून नांवें प्रथमा विभक्तींतच ठेवावीं. दोहोंमधील 'आणि'साठीं त्या भाषेंत 'इ' हें एकच अक्षर आहे. तें शेजारच्या अक्षरांत बुडून जातें, तेव्हां तें गाळलेलें बरें. प्रत्येक शब्दाचें आद्याक्षर मोठें लिहावें. यंत्रास लहानमोठ्याचा भेद नसतो, परंतु वाचणाऱ्याचे श्रम वांचतात.

आतां लक्षांत राहण्याविषयीं. आपल्याकडे उखाण्यांत नांव गुंफण्याची जी हौस, तिचाच येथें उपयोग होतो. पोलंडमध्यें नोवाक हें आडनांव अतिशय प्रचलित आहे, आणि त्याचा मूळ अर्थ गांवांत नवा आलेला. त्या घरच्या लग्नास 'नोवि नोवाकोव्ये', म्हणजे नवे नोवाक, हा शब्द किती सहज शोभतो! अनुप्रास आहे आणि खुणेचें एकही अक्षर नाहीं. कोवाल्स्की हें नांव 'कोवाल' म्हणजे लोहार यावरून आलेलें. जो तो आपल्या नशिबाचा लोहार, अशी पोलिश म्हण आहे. तिच्यावरून 'कोवाले लोसू', नशिबाचे लोहार, असा शब्द बनतो. इंग्रजीची उसनवारी करून केलेल्या कोट्यांपेक्षां मला हे शब्द सरस वाटतात, कारण घरांतील वडील मंडळीही ते ऐकून हंसतील. मात्र नोवाक पुष्कळ आहेत. तोच शब्द पूर्वीं कोणी वापरला आहे काय, हें पत्रिका छापण्यापूर्वीं शोधून पाहावें, आणि असल्यास गांवाचें नांव किंवा साल जोडावें. निव्वळ आंकड्यांचा हॅशटॅग मात्र कांहीं ठिकाणीं चालत नाहीं.

हा ढीग चव्हाट्यावरचा असतो, हेंही वधूवरांनीं जाणावें. ज्यांचें खातें खुलें आहे त्यांचीं चित्रें परक्यासही दिसतात, आणि ज्यांनीं तें झांकून ठेवलें आहे त्यांचीं आजीबाईसही सहसा सांपडत नाहींत. लहान मुलांचीं चित्रें ज्यांस उघड्यावर नको असतील त्यांनीं तीं खाजगी रीतीनेंच पाठवावीं, असें पत्रिकेंतच लिहिलेलें चांगलें.

शब्द ठरला कीं तो पत्रिकेवर व जेवणाच्या मेजांवर छापावा. मेजवानींत नाच व खेळ चालविणारा 'वोजिरेय' असेल, तर त्याच्याकडून तो अक्षरशः फोड करून सांगवावा, आणि तोही संध्याकाळींच. पाहुणे 'गोश्को, गोश्को', म्हणजे कडू, कडू, असें ओरडून वधूवरांस चुंबन घ्यावयास लावूं लागले आणि वोद्काचे पेले फिरूं लागले, कीं शुद्धलेखनाकडे कोणाचें लक्ष राहत नाहीं.