पाट्यांवर तोललेली गाडी

मुंबईतल्या फणसवाडीच्या बालाजीला येणारा भाविक एकेकाळी व्हिक्टोरियातून उतरत असे, पुढे काळ्या-पिवळ्या फियाटमधून. एकीला घोडा, दुसरीला इंजिन. बसणाऱ्याची पाठ मात्र दोन्हीकडे पोलादी पाट्यांनीच सांभाळली.

मुंबईत १८९८ साली पहिल्या मोटारी आल्या, तेव्हा त्यांच्या खालची स्प्रिंग बग्गीचीच होती. घोड्याच्या चालीला ती पुरत होती. वेग आणि इंजिनाचं वजन वाढलं, तसे पाटे मोडू लागले.

मग एकच जाडजूड पाटा का घालू नये? कारण ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १० मिलिमीटरचा एक पाटा काढून ५ मिलिमीटरचे दोन घातले, तर ताठरपणा चौथाईवर येतो आणि तेवढ्याच वाकण्यात पोलादावरचा ताण निम्मा होतो. म्हणून चळत. तीही नुसती रचलेली नसते. खालच्या आखूड पाट्यांना वरच्या लांब मेन पाट्यापेक्षा जास्त बाक देतात. चळत मधोमध बांधणारा सेंटर बोल्ट आवळला की ते मेन पाट्याला उलट दिशेने आधीच ताणून ठेवतात आणि रस्त्यावरचा त्याचा भार हलका होतो. या साध्या युक्तीला दाद द्यायलाच हवी.

तरी पाटे तुटतच, आणि बऱ्याचदा खड्ड्यात आदळताना नव्हे, तर चाक उसळून परत खाली जाताना. त्या क्षणी पाटे एकमेकांपासून सुटतात आणि सगळा भार एकट्या मेन पाट्यावर येतो. पाटे धरून ठेवणाऱ्या क्लिपा त्यासाठीच. दुसरी दुखरी जागा सेंटर बोल्टच्या भोकाची. पोलादही बदललं: फोर्डने १९०८च्या मॉडेल टीला व्हॅनेडियम पोलादाच्या आडव्या स्प्रिंगा दिल्या, पुढे एक, मागे एक.

स्प्रिंगच्या परीक्षेची पद्धत मोठी निर्दय आहे. नवी स्प्रिंग प्रेसखाली नेहमीच्या भारापलीकडे दाबतात. जे बसायचं ते तिथेच बसावं, गाडीखाली नको. मग भार चढवत आणि उतरवत ती किती वाकते ते मोजून आलेखावर मांडतात. चढतीची आणि उतरतीची रेघ जुळत नाही. मधली फट म्हणजे पाट्यांमधलं घर्षण. गंज चढला की ही फट रुंदावते, बारीक खाचखळग्यांवर स्प्रिंग हलतच नाही आणि गाडी ठणठण आपटते. त्यावर उपाय म्हणून जुने मोटारवाले पाट्यांवर ग्रीस भरलेली चामड्याची खोळ चढवत. पण घर्षण फार कमी झालं की गाडी झुलत राहते. तो झोका आवरण्याचं काम शेवटी शॉक अ‍ॅब्सॉर्बरकडे गेलं.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या पद्मिनीलाही, म्हणजे त्याच काळ्या-पिवळ्या फियाटलाही, मागे पाटेच होते. डिकीत बोजे आणि मागच्या सीटवर अख्खं कुटुंब घेऊन ती पावसाळ्यातल्या खड्ड्यांतून गिरगाव ते लालबाग धावली. प्रयोगशाळेतल्या थकवा चाचणीत स्प्रिंग हजारो वेळा दाबतात-सोडतात, तोच छळ तिने रोज सोसला. व्हिक्टोरियांना उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवलं, पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. नव्या मोटारींना बहुतेक कॉइल स्प्रिंगा असतात. मालट्रकने मात्र पाटे सोडलेले नाहीत.

कोणाला जुनी फियाट घ्यायची असेल, तर ती आधी सपाट जागी रिकामी उभी करून मागून पाहावी. एक बाजू खाली बसलेली दिसली, तर रंगाचं कौतुक बाजूला ठेवावं आणि पाटे उतरवून दाखवायला सांगावं.