टूथपेस्टमधील ‘फ्लेवर’
ओठांच्या कडा सोलवटतात, हिरड्या लालभडक होतात, जिभेची आग थांबत नाही. आणि रुग्ण मात्र तोंड अस्वच्छ राहिले असावे अशा समजुतीने त्याच टूथपेस्टने अधिक जोराने दात घासत राहतो! दालचिनीतील सिनामाल्डिहाइड किंवा पुदिन्यातील कार्व्होन यांचे काहींना वावडे असते. लाळ ही द्रव्ये सतत धुऊन नेते, म्हणून त्वचेच्या मानाने तोंडात हा विकार कमी आढळतो; परंतु त्याची लक्षणे बहुधा उशिरा उमटत असल्याने मूळ कारणाचा संशयही येत नाही. वनस्पतिजन्य ते निरुपद्रवी, हा जाहिरातींनी जोपासलेला समज येथे फसवा ठरतो.

त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्टी-चाचणी करून अपायकारक द्रव्य ओळखू शकतात. पण पुढे काय? आपल्याकडील बहुतेक नळ्यांवर ‘फ्लेवर’ एवढाच मोघम शब्द छापलेला असतो. युरोपीय संघाने २००५ पासून सिनामाल्डिहाइडसह २६ सुगंधी पदार्थांची नावे, धुऊन टाकावयाच्या प्रसाधनांत त्यांचे प्रमाण ०.०१ टक्क्यापेक्षा अधिक असल्यास, वेष्टनावर देणे बंधनकारक केले. २०२३ साली पुदिन्याची तेलेही त्या यादीत आली. दोन ओळींची ही छपाई येथील उत्पादकांना जड का वाटावी? तोवर रुग्णाच्या हाती एकच उपाय उरतो : काही आठवडे बिनस्वादाची पेस्ट वापरून पाहणे.