मुनीम गेला, हमाल राहिला

नांदेडच्या एका वाचकाने विचारलं आहे : ‘माझे वडील मोंढ्यात मुनीम होते. त्यांची जागा संगणकाने घेतली. हमाल मात्र अजून कामावर आहे. शिकलेला माणूस आधी जातो का?’

याचं उत्तर चार्ल्स बॅबेजपाशी सापडतं. त्याला आपण संगणकाचा जनक म्हणून ओळखतो, पण मजुरीवरचा त्याचा विचार फारसा कुणी वाचत नाही, याची मला खंत वाटते. 1832 च्या ग्रंथात त्याने फ्रान्सच्या द प्रोनीची हकिगत दिली आहे. क्रांतीच्या काळात लॉगॅरिथमची प्रचंड कोष्टकं करायची होती. द प्रोनीने काम वाटून दिलं : वर मोजके गणिती, मध्ये 7-8 जाणकार, खाली 60 ते 80 आकडेमोड करणारे. या खालच्यांत सरदारांचे केस सजवणारे, क्रांतीने बेकार झालेले कारागीरही होते, असं सांगतात. बहुतेकांना बेरीज-वजाबाकीपलीकडे काही येत नव्हतं, आणि चुका त्यांच्याच कमी होत! बॅबेजने ओळखलं : काम तोडलं की सोपा तुकडा स्वस्तात होतो, आणि तोच यंत्रालाही देता येतो.

मुनिमाची पट्टी, म्हणजे मालाच्या विक्रीचा हिशेब, बघा. इतके कट्टे, इतकं वजन, गुणिले भाव, वजा हमाली, वजा तोलाई. आता बारावी झालेला मुलगा वजन नि भाव टाकतो, पट्टी छापून येते. मुनिमाचं कसब सॉफ्टवेअरमध्ये गेलं. ते लिहिणारी लातूर-नांदेडची पोरं पुण्यात चांगला पगार घेतात. पट्टी काढणारे गल्लोगल्ली मिळतात, म्हणून त्यांचा पगार हलत नाही. ऑटर, लेव्ही आणि मर्नेन या अर्थतज्ज्ञांनी 2003 मध्ये अमेरिकेच्या आकडेवारीतून हेच दाखवलं : नियमात बसणारं काम संगणक घेतो, मग ते टेबलावरचं असो की कारखान्यातलं. शिक्षण किती, हे तो बघत नाही.

हमालाकडे बघा. पाठीवर 50 किलोचा कट्टा, शिवण उसवलेली, पायाखाली लवणारी फळी. दोन पावलांत तो तोल सावरतो. कसा, हे त्यालाही सांगता येणार नाही. मग यंत्राला कोण शिकवणार?

पण काम टिकलं म्हणून मजुरी वाढते असं नाही. पाऊस हुकला की गावोगावचे हात काम मागायला मोंढ्यात येतात. अशा वेळी आधार असतो तो 1969 च्या माथाडी कायद्याचा आणि संघटनेचा. हमालीचा दर आजही आडते, बाजार समिती आणि हमाल संघटना यांच्या बैठकीतच ठरतो.